बादेनींचा भाषा-अध्यादेश आणि १८६७ ची गाठ: ऑस्ट्रिया-हंगेरीच्या दुहेरी राजसत्तेतील एक प्रकरण

५ एप्रिल १८९७ रोजी व्हिएन्नातील सरकारने बोहेमिया (आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिम भाग) प्रांतासाठी एक अध्यादेश काढला आणि त्याच महिन्यात मोरावियासाठी तसाच दुसरा काढला. नागरिकाने ज्या भाषेत अर्ज केला असेल त्याच भाषेत त्या अर्जाचे सर्व कामकाज, कचेऱ्यांच्या आपसातील टिपणांसकट, चालावे, आणि १ जुलै १९०१ नंतर नेमणूक होणाऱ्या प्रत्येक सरकारी अधिकाऱ्याला जर्मन व चेक या दोन्ही भाषा बोलता-लिहिता याव्यात, एवढाच त्याचा मथितार्थ होता. आठ महिन्यांच्या आत पंतप्रधान काउंट काझिमिर बादेनी यांना पायउतार व्हावे लागले, संसदेत पोलीस शिरले, व्हिएन्ना, ग्राझ आणि प्राग येथे लोक रस्त्यावर आले आणि प्रागमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. कारकुनांच्या पात्रतेविषयीच्या एका नियमाने साडेचार कोटींच्या घरात लोकसंख्या असलेले साम्राज्य इतके का हादरावे, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. ‘तिथे फार जाती-जमाती होत्या, त्या कधीतरी भांडणारच होत्या’ हे त्याचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. भांडण होतेच, पण ते कचेरीच्या पातळीवर न मिटता राज्याच्या अस्तित्वापर्यंत का चढले, याचे कारण १८६७ मध्ये बांधलेल्या राज्ययंत्रणेत आहे.

पराभवातून जन्मलेली व्यवस्था

ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याकडे बोहेमिया आणि हंगेरी यांचे मुकुट १५२६ च्या मोहाचच्या लढाईनंतर आले. पुढची तीन शतके हे प्रांत एका राजाचे होते, एका राज्याचे नव्हते. प्रत्येकाची प्रतिनिधीसभा, कायदे आणि सनदा वेगळ्या होत्या. १८४८ च्या उठावात हंगेरीने स्वतःचे मंत्रिमंडळ उभे केले, पुढच्या वर्षी घराण्यालाच पदच्युत केल्याचे जाहीर केले, आणि अखेर रशियाच्या झारच्या फौजेची मदत घेऊन तो उठाव चिरडण्यात आला. ६ ऑक्टोबर १८४९ रोजी आराद येथे तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला आणि त्याच दिवशी पेश्त येथे माजी पंतप्रधान बात्यानी यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यानंतरचे दशक व्हिएन्नाहून एकहाती, जर्मन भाषेत, नोकरशाहीमार्फत कारभार करण्यात गेले. ही पद्धत महाग होती आणि हंगेरीतील जमीनदारवर्गाने कर थकवून, असहकार करून ती आणखी महाग केली.

दोन लढायांनी तिचा निकाल लावला. १८५९ मध्ये सोल्फेरिनो येथे इटलीतील लोम्बार्डी प्रांत हातचा गेला. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्स येथे प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि शतकानुशतके जर्मन राजकारणाच्या मध्यभागी असलेले हे घराणे त्या राजकारणातून बाहेर फेकले गेले. सम्राट फ्रान्झ जोसेफ यांना आता घरातला एक तरी मोठा वैरी मित्र करून घेणे भाग होते. हंगेरियन नेते फेरेन्त्स देआक यांनी १८६५ च्या ईस्टरला वृत्तपत्रातील लेखातून तडजोडीचा हात आधीच पुढे केलेला होता. वाटाघाटींत पुढाकार घेतलेले ज्युला आंद्राशी हे तर १८४९ च्या उठावानंतर परागंदा झालेले. त्यांना गैरहजेरीत फाशीची शिक्षा झालेली होती. ८ जून १८६७ रोजी बुडा येथील मात्याश चर्चमध्ये हंगेरीचा राजा म्हणून फ्रान्झ जोसेफ यांच्या मस्तकावर मुकुट ठेवला गेला तेव्हा ते काम करणाऱ्या हातांत हंगेरीचे पंतप्रधान या नात्याने याच आंद्राशींचे हात होते.

त्या वर्षीच्या तडजोडीने दोन राज्ये निर्माण केली. दोघांना दोन संसदा, दोन मंत्रिमंडळे, दोन नागरिकत्वे. परराष्ट्र व्यवहार, लष्कर आणि या दोहोंपुरते अर्थखाते एवढेच सामाईक. समान पंतप्रधान नाही, समान संसद नाही. सामाईक खर्चावर देखरेख करण्यासाठी दोन्ही संसदांनी प्रत्येकी साठ जणांचे प्रतिनिधिमंडळ निवडायचे. ही मंडळे एक वर्ष व्हिएन्नात आणि एक वर्ष बुडापेस्टमध्ये भरत, पण वेगवेगळी बसत आणि एकमेकांशी लेखी बोलत. तीनदा लेखी देवाणघेवाण होऊनही मेळ बसला नाही तरच एकत्र जमायचे, आणि तेही चर्चा न करता केवळ मतदानासाठी! पश्चिमेकडील अर्ध्या भागाला तर अधिकृत नावही धड नव्हते. ‘राइशराटमध्ये प्रतिनिधित्व असलेली राज्ये व प्रांत’ असे त्याचे वर्णन कागदोपत्री चाले. राइशराट म्हणजे व्हिएन्नातील संसद. सोयीसाठी पुढे या भागाला ऑस्ट्रियाच म्हटले आहे.

या प्रकरणाच्या दृष्टीने तडजोडीतील एक कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. सामाईक खर्चात कोणी किती वाटा उचलायचा आणि जकातसंघ (दोन्ही भागांची सामाईक जकातव्यवस्था) कोणत्या अटींवर चालायचा, हा आर्थिक भाग कायमचा नव्हता. तो दर दहा वर्षांनी दोन्ही संसदांकडून पुन्हा संमत करून घ्यावा लागे. सुरुवातीला ऑस्ट्रियाचा वाटा ७० टक्के आणि हंगेरीचा ३० टक्के ठरला. साहजिकच दर दशकाच्या शेवटी व्हिएन्नाला वाटे की बुडापेस्ट फार थोडे देते, आणि बुडापेस्टला वाटे की आपल्याला लुटले जात आहे. १८७७, १८८७, १८९७, १९०७: या तारखा पंचांगातल्या ग्रहणांसारख्या आधीच ठाऊक असत आणि राज्याचा पायाच दर खेपेस बाजारात मांडला जाई.

व्यवस्था निरुपयोगी होती असे मात्र म्हणता येणार नाही. हंगेरीचे धान्य आणि ऑस्ट्रिया-बोहेमियाचा कारखानदारी माल यांना एकच मोठी बाजारपेठ मिळाली, रेल्वेचे जाळे पसरले, आणि १८७३ मध्ये तीन गावे जोडून झालेल्या बुडापेस्टने १८९६ मध्ये युरोपच्या मुख्य भूमीवरील पहिली भुयारी रेल्वे सुरू केली. लोकांना जोडून ठेवणारे बरेच काही या राज्यात होते. त्याचा उल्लेख केल्याखेरीज पुढची कथा एकतर्फी होते.

कारकुनाची भाषा

१८६७ च्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रियाला जी राज्यघटना मिळाली तिच्या नागरिकांच्या हक्कांविषयीच्या मूलभूत कायद्यातील कलम १९ ने सर्व लोकसमूहांना आपले राष्ट्रीयत्व आणि भाषा जपण्याचा समान हक्क दिला. त्या काळाच्या मानाने हे कलम असामान्य उदार होते. त्याच कलमात आणखी एक वाक्य होते: शिक्षणाची सोय अशी असावी की कोणावरही प्रांतातील दुसरी भाषा शिकण्याची सक्ती होऊ नये. ही तरतूद प्रामुख्याने बोहेमियातील जर्मनांना हवी होती. चेक मुलांना विद्यापीठ, सैन्य, व्यापार या सर्वांसाठी जर्मन लागतच असल्यामुळे ती सक्तीशिवायही जर्मन शिकत. जर्मन मुलांना चेक शिकण्याचे कारण उरले नाही. तीस वर्षांनी याचा परिणाम असा दिसला की सुशिक्षित चेक माणूस बहुधा दुभाषी होता आणि सुशिक्षित जर्मन माणूस बहुधा एकभाषी. बादेनींच्या अध्यादेशाचा सगळा दाह या एका वस्तुस्थितीत साठलेला होता.

बोहेमियात तेव्हा साधारण ६३ टक्के लोक चेक आणि ३७ टक्के जर्मन भाषा सांगणारे होते. जर्मन वस्ती मुख्यतः सीमेलगतच्या डोंगराळ पट्ट्यात, तर चेक वस्ती मध्यभागी. पण हा पट्टा स्थिर नव्हता. उत्तरेकडील मोस्तच्या परिसरात तपकिरी कोळशाच्या खाणी वाढल्या तसे चेक मजूर तिथल्या जर्मन गावांत येऊन राहू लागले. अशा एखाद्या मजुराची मजुरी बुडाली आणि त्याने न्यायालयात चेक भाषेत दावा दाखल केला, तर काय होई? १८८० च्या भाषा-अध्यादेशामुळे त्याला निकाल चेकमध्येच मिळे. याला ‘बाह्य’ भाषा म्हणत. पण न्यायाधीशाचे टिपण, वरच्या न्यायालयाशी होणारा पत्रव्यवहार, शेरे हे सर्व जर्मनमध्ये चाले. ही ‘आंतरिक’ भाषा. म्हणजे एका जर्मन कचेरीला एखादा भाषांतर करणारा माणूस हाताशी ठेवून काम भागवता येई. बादेनींनी आंतरिक भाषाही अर्जाच्या भाषेला बांधून टाकली. आता त्या मजुराच्या दाव्याची सगळी कागदपत्रे चेकमध्ये तयार होणार, आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या चेक शब्द उमटला नव्हता अशा गावातल्या न्यायाधीशापासून नोंदणी-कारकुनापर्यंत प्रत्येकाला चेक यायला हवी होती.

चेक बाजूने हा निव्वळ न्याय होता. प्रांताच्या बहुसंख्य लोकांची भाषा त्यांच्याच सरकारी दप्तरात बंद का असावी? जर्मन बाजूने मात्र हिशेब नोकऱ्यांचा होता: १९०१ नंतर बोहेमियातील सरकारी जागा, अगदी शुद्ध जर्मन जिल्ह्यांतल्यासुद्धा, दुभाषी असलेल्या चेक तरुणांकडे जाणार. सरकारी नोकरी हा त्या समाजात मध्यमवर्गीय प्रतिष्ठेचा कणा होता, त्यामुळे ही भीती पोकळ नव्हती. जर्मन मुलांनी चेक शिकावे हा साधा उपाय बोलून दाखवणारे होते, पण त्यांचे ऐकले जात नव्हते. ज्या भाषेत आपण राज्य केले तिच्या जोडीला मोलकरणींची आणि मजुरांची भाषा शिकायची, ही गोष्ट मानी जर्मन नागरिकाला अपमानास्पद वाटत होती. हे तेढीचे मूळ कोणत्याही कलमाने काढता येण्यासारखे नव्हते.

बादेनींना घाई का होती

बादेनी हे पोलिश उमराव. साम्राज्याच्या ईशान्येकडील गॅलिशिया प्रांताचे राज्यपाल म्हणून त्यांनी खंबीर, किंबहुना दांडगट, कारभार करून दाखवला होता. गॅलिशियात १८६९ पासून सरकारी कचेऱ्यांची आंतरिक भाषा पोलिशच होती, आणि तिथे त्यावरून व्हिएन्ना कोसळले नव्हते. तेव्हा चेकांना तसेच काही दिल्याने आकाश पडेल असे त्यांना वाटले नसणार. पण गॅलिशियात मूठभर जर्मन होते आणि तिथल्या रुथेनियन (युक्रेनियन) शेतकऱ्यांचा आवाज संसदेत क्षीण होता. बोहेमियातील जर्मन मूठभर नव्हते. ते प्रांतातले कारखानदार होते, वृत्तपत्रे त्यांच्या हाती होती, आणि राजधानीतली बहुसंख्या त्यांच्या भाषेची होती.

खरी घाई मात्र हंगेरीची होती. आर्थिक तडजोडीची मुदत १८९७ च्या अखेरीस संपत होती. हंगेरीचे पंतप्रधान बान्फी यांच्याशी बादेनींनी नव्या अटी ठरवल्या होत्या, आणि त्या ४२५ जणांच्या राइशराटमध्ये संमत करून घ्यायच्या होत्या. १८९६ च्या सुधारणेने सर्व प्रौढ पुरुषांसाठी ७२ जागांचा पाचवा मतदारवर्ग जोडला गेल्याने सभागृह अधिक विस्कळीत झाले होते. जर्मन उदारमतवादी मोडकळीला आले होते, व्हिएन्नात कार्ल लुएगर यांचा ज्यूविरोधी ख्रिश्चन समाजवादी पक्ष चढत होता, आणि कट्टर जर्मन राष्ट्रवादी श्योनेरर यांचे अनुयायी उघडपणे जर्मन साम्राज्यात जाण्याची भाषा करत होते. अशा सभागृहात सुमारे साठ सदस्यांचा तरुण चेक पक्ष हा सर्वांत उपयोगी सौदागर होता. त्यांची किंमत होती आंतरिक भाषा. बादेनींनी ती मोजली, आणि तीही संसदेत कायदा न मांडता, खात्यांच्या अध्यादेशाने.

प्रकरणाची गाठ इथे पडली. चेक-जर्मन प्रश्न बोहेमियाचा होता. तो प्रागमध्ये, दोन बाजूंना समोरासमोर बसवून सोडवायला वर्षे लागली असती आणि कदाचित तो सुटलाही असता. पण व्हिएन्ना सरकारला डिसेंबरच्या आत बुडापेस्टशी करार हवा होता, म्हणून प्रागच्या कारकुनांचा प्रश्न दोन साम्राज्यार्धांच्या वर्गणीला जोडला गेला. एकदा तो जोडला गेल्यावर अध्यादेश पाडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हंगेरीबरोबरचा करार अडवणे, हे जर्मन सदस्यांनी लगेच ओळखले.

सभागृहातील शरद ऋतू

उन्हाळ्यात जर्मन गावांतून निषेधसभा झाल्या. पश्चिम बोहेमियातील चेब येथे जुलैत भरलेल्या मेळाव्यावर बंदी घालण्याच्या प्रयत्नातून पोलिसांशी चकमकी झडल्या. २५ सप्टेंबरला तर प्रकरणाने नाटकी वळण घेतले: जहाल जर्मन सदस्य कार्ल हेर्मान वोल्फ यांनी सभागृहात अपशब्द वापरल्यावरून पंतप्रधानांनी त्यांना पिस्तुलांच्या द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले आणि स्वतःच्या हातावर गोळी खाल्ली. कायद्याने द्वंद्वाला बंदी होती. कायदे करणाऱ्या सरकारचा प्रमुख ती मोडून जखमी झाला, आणि तरीही पदावर राहिला, यावरून त्या उच्चभ्रू समाजाच्या मानापमानाच्या कल्पना ध्यानात येतात.

राइशराटच्या कामकाजाचे नियम सभ्य लोकांसाठी लिहिलेले होते. वक्त्याच्या भाषणाला वेळेची मर्यादा नव्हती. कोणत्याही मुद्द्यावर नावे पुकारून मतदान मागता येत असे. विनंतिअर्ज पूर्ण वाचून दाखवण्याचा आग्रह धरता येत असे. जर्मन पक्षांनी या सर्वांचा उपयोग करून सभागृह ठप्प केले. २८ ऑक्टोबरच्या रात्री ब्रनो येथील ओट्टो लेखर हे सदस्य बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, सुमारे बारा तास, बोलत राहिले. विषय सोडला तर अध्यक्ष बोलणे थांबवू शकत होते, म्हणून त्यांनी विषय सोडला नाही. जकात, वर्गणी, हंगेरीचे गिरणीमालक, साखर, दारूवरील कर अशा आर्थिक तडजोडीच्या बारकाव्यांवरच ते भोवतालच्या कल्लोळात बोलत राहिले. व्यापारउदिमाच्या मंडळात काम केलेल्या माणसालाच हे जमावे. प्रेक्षकसज्जात तेव्हा मार्क ट्वेन बसलेले होते, आणि अमेरिकी वाचकांसाठी त्यांनी या सभागृहाचे वर्णन लिहून ठेवले. एका वेगळ्याच अर्थाने मला हे भाषण उद्बोधक वाटते: ऑस्ट्रियाच्या संसदेत हंगेरीशी असलेल्या नात्याची इतकी सविस्तर चर्चा क्वचितच झाली असेल, आणि ती झाली ती चर्चा होऊ नये म्हणून.

सभागृहाबाहेरूनही तेल ओतले जात होते. बर्लिनचे विख्यात इतिहासकार थिओडोर मोमसेन यांनी व्हिएन्नातील वृत्तपत्राला पत्र लिहून ऑस्ट्रियातील जर्मनांना कठोर होण्याचा सल्ला दिला. चेकांच्या कवट्यांना विवेक समजत नसला तरी ठोसे समजतात, अशा आशयाचे त्यांचे वाक्य गाजले. रोमच्या प्रजासत्ताकाचा इतिहास लिहिणाऱ्या विद्वानाकडून ही भाषा यावी, यावरून जर्मन सुशिक्षितांच्या मनःस्थितीची कल्पना यावी.

नोव्हेंबरात सरकारपक्षाचा धीर सुटला. अध्यक्षपदी गॅलिशियाचे अब्राहामोविच आणि उपाध्यक्षपदी तरुण चेक पक्षाचे कारेल क्रामार्झ होते. २५ नोव्हेंबरला काउंट फाल्केनहाइन यांनी अचानक ठराव मांडला: गोंधळ घालणाऱ्या सदस्याला निलंबित करून सक्तीने बाहेर काढण्याचा अधिकार अध्यक्षांना द्यावा. बाके आपटण्याच्या आणि आरडाओरड्याच्या गदारोळात, बहुतेकांना काय मतास टाकले आहे हे ऐकूही न येता, उभे राहून ‘मतदान’ झाले आणि ठराव संमत झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या दिवशी समाजवादी सदस्यांनी व्यासपीठावर चाल केली आणि पोलिसांनी येऊन सदस्यांना उचलून बाहेर नेले. भाषेच्या प्रश्नावर जर्मन राष्ट्रवाद्यांशी ज्यांचे काडीचे जमत नव्हते ते समाजवादी आणि लुएगरही आता विरोधात एकत्र आले, कारण प्रश्न भाषेचा न राहता संसदेच्या अब्रूचा झाला होता. २८ नोव्हेंबरला, रविवारी, व्हिएन्नाचे रस्ते भरून गेले. सम्राटांनी अधिवेशन तहकूब करून बादेनींना निरोप दिला. ही बातमी प्रागला पोहोचल्यावर तिथे उलट्या दिशेचा दंगा झाला. जर्मन संस्था आणि जर्मन म्हणून गणले जाणारे ज्यू यांची दुकाने फोडली गेली. ज्यूंची स्थिती सर्वांत बिकट होती; व्हिएन्नात लुएगर यांचे लोक त्यांना परके म्हणत आणि प्रागमध्ये त्यांना जर्मन समजून दगड मारले जात.

कलम चौदाची सवय

अध्यादेश १८९८ मध्ये सौम्य करण्यात आले आणि ऑक्टोबर १८९९ मध्ये पूर्णपणे मागे घेतले गेले. त्यामुळे जर्मन शांत झाले आणि आता चेक सदस्यांनी सभागृह अडवायला सुरुवात केली. बाके तीच, युक्त्या त्याच.

हंगेरीशी करार मात्र व्हायलाच हवा होता. तो राज्यघटनेतील कलम १४ वापरून केला गेला. संसद भरलेली नसताना तातडीची गरज पडल्यास सर्व मंत्र्यांच्या सहीने सम्राटांना तात्पुरता वटहुकूम काढता येईल, आणि संसद भरताच चार आठवड्यांत तो तिच्यापुढे ठेवावा, असे हे कलम. पूर, साथ, युद्ध यांसाठी लिहिलेली ही तरतूद अंदाजपत्रक आणि सैन्यभरतीसारख्या नित्याच्या कामांना लावली जाऊ लागली. पुढच्या काळात कोर्बर यांच्यासारखे कर्तबगार पंतप्रधान आले. रेल्वे आणि कालव्यांच्या योजना पुढे करून त्यांनी सदस्यांना कामाला लावण्याचा प्रयत्न केला. पण सवय लागली होती. सरकारला कळले की संसदेवाचून भागते. त्याहून वाईट म्हणजे सदस्यांना कळले की आपण कितीही अडवले तरी पगार थांबत नाहीत आणि आगगाड्या धावतात; तेव्हा तडजोडीची जबाबदारी घेऊन आपल्याच मतदारांच्या शिव्या कशाला खा? अडवणूक आणि वटहुकूम एकमेकांना पोसत राहिले.

या काळातील हंगेरीचे चित्र अगदी वेगळे आणि एका अर्थाने सोपे होते. तिथे १८६८ च्या कायद्याने ‘एकच अविभाज्य हंगेरियन राष्ट्र’ मानले होते. क्रोएशियाला मर्यादित स्वायत्तता होती. स्लोव्हाक, रोमानियन, सर्ब यांना कायद्यात काही भाषिक हक्क होते आणि व्यवहारात फारच थोडे. मताधिकार इतका तोकडा की लोकसंख्येच्या जेमतेम सहा टक्के लोक मतदार. १९०७ च्या आपॉन्यी यांच्या शाळा-कायद्याने बिगर-हंगेरियन शाळांवरही मॅग्यार (हंगेरियन) भाषेचा बडगा उगारला. बुडापेस्टची संसद त्यामुळे दीर्घकाळ सुरळीत चालली; तिला गप्प केलेल्यांचा गोंगाट ऐकावाच लागत नव्हता. हंगेरियन सत्ताधाऱ्यांचे भांडण आपल्या अल्पसंख्याकांशी नव्हे, व्हिएन्नाशी असे, आणि तेही सैन्याच्या भाषेवरून. सामाईक सैन्यात आज्ञेची भाषा जर्मन होती, म्हणजे सुमारे ऐंशी हुकूम प्रत्येक सैनिकाने पाठ करायचे. बाकी शिक्षण पलटणीच्या भाषेत, आणि ज्या भाषेचे सैनिक वीस टक्क्यांहून अधिक असतील ती प्रत्येक भाषा अधिकाऱ्याने शिकायची. म्हणजे बोहेमियातील जर्मन कारकुनाला जी गोष्ट असह्य वाटत होती ती लष्करातला अधिकारी नोकरीचा भाग म्हणून निमूट करत होता. हंगेरीला त्या ऐंशी हुकुमांच्या जागी आपले हुकूम हवे होते. फ्रान्झ जोसेफ यांनी हे मान्य केले नाही. १९०६ च्या फेब्रुवारीत त्यांनी सैन्य पाठवून बुडापेस्टची संसद बरखास्त केली, आणि सार्वत्रिक मताधिकार लागू करू अशी भीती घातल्यावर तिथले पक्ष नरमले. सामान्य माणसाला मत देणे ही धमकी ठरावी, यात त्या राज्यकर्त्यांची खरी अडचण दिसते.

मोरावियात जे जमले

या प्रकरणाचा शेवट ठरलेलाच होता, या समजाला १९०५ चा मोराविया छेद देतो. तिथेही चेक आणि जर्मन होते, तिथेही बादेनींचा अध्यादेश पोहोचला होता. पण ब्रनोच्या प्रांतिक सभेत दोन्ही बाजूंनी बसून करार केला: मतदारांच्या दोन याद्या, एक चेक आणि एक जर्मन, प्रत्येक यादीला ठरावीक जागा, चेक मतदार चेक उमेदवारांतून निवडेल आणि जर्मन मतदार जर्मनांतून, शाळा-मंडळेही वेगळी. त्यामुळे निवडणूक ही दोन राष्ट्रांमधली लढाई राहिली नाही. त्याची किंमत अशी की प्रत्येकाला आपण कोण हे एका रकान्यात लिहून द्यावे लागले, आणि घरी एक भाषा व बाजारात दुसरी बोलणाऱ्या अनेकांची यात ओढाताण झाली. तरीही करार टिकला, आणि १९१० मध्ये साम्राज्याच्या पूर्व टोकाच्या बुकोव्हिना प्रांताने त्याहून गुंतागुंतीची तशीच व्यवस्था स्वीकारली. हे करार झाले ते प्रांतात, तारखेचे दडपण नसताना, आणि हंगेरीच्या वर्गणीशी त्यांचा काही संबंध नसताना.

मग बोहेमियाला किंवा साऱ्या साम्राज्यालाच नवी रचना का देता आली नाही? प्रयत्न झाला होता. १८७१ मध्ये होहेनवार्ट सरकारने बोहेमियाला हंगेरीच्या धर्तीवर वेगळा दर्जा देण्याचा मसुदा तयार केला, सम्राटांनीही अनुकूलता दाखवली. तेव्हा जर्मनांच्या विरोधाला आंद्राशींचे बळ मिळाले आणि मसुदा बारगळला. १८६७ ची रचना दोन भागीदारांची होती, आणि तिसरा भागीदार घ्यायचा तर दुसऱ्याची संमती हवी होती. बुडापेस्ट ती कधीच देणार नव्हते, कारण चेकांना जे मिळेल तेच उद्या क्रोएशियन मागतील हे त्याला स्वच्छ दिसत होते.

१९०७ मध्ये ऑस्ट्रियाने सर्व प्रौढ पुरुषांना समान मताधिकार दिला आणि ५१६ जणांचे नवे सभागृह निवडले. त्याच वर्षी आर्थिक तडजोडही संसदेकडून रीतसर संमत झाली. हंगेरीचा वाटा ३६.४ टक्के ठरला. काही काळ वाटले की गाडे रुळावर आले. पण बोहेमियाची प्रांतिक सभा जर्मन अडवणुकीने बंद पडली होती. जुलै १९१३ मध्ये सम्राटांनी तिच्या जागी प्रशासकीय आयोग नेमला. त्याचा वचपा चेक सदस्यांनी राइशराटमध्ये काढला, आणि मार्च १९१४ मध्ये पंतप्रधान श्ट्युर्क यांनी राइशराट तहकूब करून पुन्हा कलम १४ हाती घेतले.

कोणाला विचारायचे?

२८ जून १९१४ रोजी सारायेव्हो येथे युवराज फ्रान्झ फर्डिनांड यांची हत्या झाली तेव्हा हे सभागृह बंदच होते. बोस्निया, जिथे हे घडले, तो प्रांत १९०८ मध्ये खालसा करून घेतला असला तरी ऑस्ट्रियाचाही नव्हता आणि हंगेरीचाही नव्हता. तिसरा भागीदार नको म्हणून त्याचा कारभार सामाईक अर्थमंत्र्यांकडे ठेवलेला होता. त्यानंतरच्या महिन्यात सामाईक मंत्री आणि दोन्ही पंतप्रधान यांच्या बैठकांतून युद्धाचा निर्णय झाला. हंगेरीचे पंतप्रधान इश्तवान तिसा यांचा प्रारंभीचा विरोध लक्षात घ्यावा लागला, कारण त्यांच्या मागे चालू संसद होती. ऑस्ट्रियाच्या बाजूने तसे विचारण्याजोगे कोणी नव्हते. खुल्या संसदेने युद्ध टाळले असते असा माझा दावा नाही. बर्लिन आणि पॅरिसच्या संसदा उघड्या होत्या आणि त्यांनी युद्धाला पैसा मंजूर केला. पण तिथे ती जबाबदारी लोकांच्या प्रतिनिधींनी उचलली होती. ऑस्ट्रियातील चेक, पोल, स्लोव्हेन, इटालियन यांना या युद्धासाठी काहीही विचारले गेले नव्हते, आणि १९१७ पर्यंत संसदेच्या इमारतीत जखमी सैनिकांच्या खाटा होत्या.

त्यानंतरचा भाग भुकेचा आहे. गॅलिशियाची शेते रणांगण झाली, नाकेबंदीने आयात थांबली, आणि जकातसंघ असूनही हंगेरीने आपले धान्य आधी स्वतःसाठी राखले. दोन सरकारे असल्याचा अर्थ व्हिएन्नातल्या गृहिणीला पावाच्या रांगेत कळला. ऑक्टोबर १९१६ मध्ये श्ट्युर्क यांना फ्रीडरिश आडलर यांनी एका हॉटेलात गोळ्या घातल्या. आडलर यांच्या तक्रारींत संसद न बोलावणे ही मुख्य होती. पुढच्याच महिन्यात अडुसष्ट वर्षे गादीवर असलेले फ्रान्झ जोसेफ वारले. नवे सम्राट कार्ल यांनी ३० मे १९१७ रोजी राइशराट बोलावले, तेव्हा प्रत्येक राष्ट्राचे सदस्य आपापली स्वतंत्र निवेदने घेऊनच आले होते.

१६ ऑक्टोबर १९१८ रोजी कार्ल यांनी जाहीरनामा काढून ऑस्ट्रियाचे रूपांतर राष्ट्रांच्या संघराज्यात करण्याचे ठरवले. त्याच जाहीरनाम्यात हंगेरीच्या मुकुटाखालील प्रदेशांची अखंडता यामुळे बाधित होणार नाही असे लिहावे लागले, कारण बुडापेस्टची तशी अट होती आणि व्हिएन्नाची भूक बुडापेस्टच्या हातात होती. म्हणजे चेकांना संघराज्य, पण स्लोव्हाकांना नाही. स्लोव्हेनांना संघराज्य, पण क्रोएशियनांना नाही. ज्यांना एकत्र यायचे होते त्यांच्यामधून १८६७ ची रेघ अखेरच्या क्षणीही जात होती. बारा दिवसांनी प्रागमध्ये चेकोस्लोव्हाकियाची घोषणा झाली, दुसऱ्या दिवशी झाग्रेबने संबंध तोडले, आणि ऑक्टोबरच्या शेवटी हंगेरीनेही ती तडजोड संपुष्टात आणली जिच्यासाठी तिने बाकी सर्वांना अडवून धरले होते. ११ नोव्हेंबरला कार्ल यांनी ऑस्ट्रियाच्या राज्यकारभारातील सहभाग सोडला. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला.

१८९७ मध्ये गोंधळी सदस्यांवर लक्ष ठेवणारे उपाध्यक्ष क्रामार्झ यांना युद्धकाळात राजद्रोहासाठी मृत्युदंड सुनावला गेला होता; तो कमी होऊन ते माफीवर सुटले आणि नोव्हेंबर १९१८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांच्या राज्यात तीस लाखांहून अधिक जर्मन होते, बहुतेक त्याच सीमापट्ट्यातले, आणि त्यांच्या प्रतिनिधींनी नव्या राज्यात सामील व्हायला नकार दिला होता. २९ फेब्रुवारी १९२० रोजी प्रागच्या संसदेने भाषा-कायदा केला, तोही त्या जर्मनांचा एकही प्रतिनिधी सभागृहात नसताना. राज्याची भाषा ‘चेकोस्लोव्हाक’ ठरली. ज्या न्यायालयीन जिल्ह्यात अल्पसंख्याकांचे प्रमाण किमान वीस टक्के असेल तिथे त्यांच्या भाषेत अर्ज घेतला जाईल आणि उत्तरही दिले जाईल, असे त्यात म्हटले होते. मोस्तच्या कचेरीतील जर्मन कारकुनाला आता नोकरी टिकवण्यासाठी चेकची परीक्षा द्यावी लागणार होती.